खेळगड्यांचा शिष्टाचार

कादंबरी, नाटक आणि काव्य यांची परीक्षणे वाचण्याची ज्यांस सवय आहे, त्यांस प्रस्तुत लेखाचा विषय पाहून किंचित अचंबा वाटेल. मोबाइलच्या पडद्यावर चार मुलांनी मिळून खेळावयाचे खेळ हा टीकेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी केल्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या कृतीत आजच्या तरुण मनाचा एवढा मोठा भाग रमतो, तीस गुणदोषविवेचनाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे टीकाकारास काही कारण नाही. या खेळांविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक वैद्यांनी, मानसशास्त्रज्ञांनी किंवा चिंताग्रस्त पालकांनी लिहिले. हे सारे खेळाच्या बाहेर उभे राहून बोलतात. खेळ आतून कसा रचला आहे, त्याचे नियम गड्याकडून कोणते वर्तन सक्तीने घेतात आणि कोणते त्याच्या मर्जीवर सोडतात, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आम्ही येथे तेवढेच पाहणार आहोत. आणि तेही, ज्यांत काही गडी एका पक्षाचे म्हणून एकमेकांच्या साह्याने खेळतात, अशाच खेळांपुरते.

आमच्या भागात हा प्रश्न केवळ बौद्धिक कुतूहलाचा नाही. निगडी-आकुर्डीपासून भोसरी-मोशीवरून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या या पट्ट्यात ‘संघभावना’ या शब्दाचा जेवढा जप होतो, तेवढा दुसरीकडे क्वचितच होत असेल. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागाहून टेल्को आणि बजाज आले, आणि या शतकात महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांच्या गाड्या चाकणच्या माळावरून बाहेर पडू लागल्या. कारखान्यांच्या भिंतींवर एकजुटीचा उपदेश करणाऱ्या पाट्या असतात, त्या चांगल्याच आहेत. परंतु पाळीवर कोणाच्या शेजारी उभे राहावयाचे हे कामगार स्वतः ठरवीत नाही. बीड-लातूरकडून, खानदेशातून, बिहार-ओडिशातून आलेली मुले म्हाळुंगे-खराबवाडीच्या खोल्यांतून चौघे-पाचजण एकत्र राहतात, तीही भाड्याच्या हिशेबाने. आपला सोबती आपण निवडावा, त्याच्यासाठी धोका पत्करावा आणि वेळ आली असता त्याने आपल्यासाठी तो पत्करावा, ही संधी त्यांस कोठे मिळत असेल तर ती पाळी सुटल्यावर, वीतभर पडद्यावरच्या मैदानात. एक गडी चाकणला, दुसरा वाळूजला, तिसरा नाशिकच्या अंबडला आणि चौथा अद्याप गावीच, असा एकाच गावच्या मुलांचा ‘स्क्वॉड’ आम्हांस ठाऊक आहे. गावातला पार त्यांनी आपल्याबरोबर आणला आहे, असे म्हटले तरी चालेल. तेव्हा या पारावर वागण्या-बोलण्याची रीत काय आहे, ही चौकशी पोरकट ठरू नये.

आमच्या पाहण्यात या पट्ट्यात जो खेळ सर्वांत अधिक येतो, तो दक्षिण कोरियातील क्राफ्टन कंपनीचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. मुले त्यास नुसते ‘बीजीएमआय’ म्हणतात. त्याचा पूर्वावतार जो ‘पब्जी मोबाइल’, त्याच्यावर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो नवे नाव धारण करून परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा प्रकट झाला. ज्या खेळाचा मुख्य गुण पडलेल्या गड्यास जिवंत करणे हा, त्याने स्वतःही दोनदा जिवंत व्हावे, यात एक गंमत आहे.

कथानक म्हणून पाहू गेल्यास हा खेळ दरिद्री आहे. शंभर गडी विमानातून एका बेटावर उतरतात, ओसाड घरांतून शस्त्रे व औषधे गोळा करतात, सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाते, आणि जे शेवटी उरतात ते जिंकतात. यापलीकडे कथा नाही, पात्रे नाहीत, आणि बेटावरच्या त्या घरांत पूर्वी कोण राहत होते याची कोणास फिकीर नाही. पण चौघांच्या पथकाने खेळताना त्यात एक नियम येतो, आणि आमच्या मते साऱ्या खेळाचे नाट्य त्या एका नियमात साठलेले आहे. गोळी लागलेला गडी एकदम मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो, रांगू लागतो, आणि त्याचे बळ क्षणाक्षणाने ओसरते. मुलांच्या भाषेत तो ‘नॉक’ झाला. सोबत्याने त्याच्यापाशी येऊन सुमारे दहा सेकंद थांबावे, म्हणजे तो पुन्हा उठतो. परंतु त्या दहा सेकंदांत वाचविणाऱ्यास बंदूक चालविता येत नाही. तो उघडा पडतो. शत्रूसही हे ठाऊक असल्यामुळे पडलेल्या गड्यास मुद्दाम तसाच ठेवून, त्याला उचलण्यास कोण येतो याची वाट पाहणारे कसबी नेमबाज असतात.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, खेळ या ठिकाणी कोणावरही सक्ती करीत नाही. सोबत्यास सोडून गेल्याबद्दल दंड नाही. उलट, तो मेल्यावर त्याच्या सामानाची पेटी मागे राहते आणि तीतील उत्तम शस्त्र उचलून पुढे जाता येते. कित्येकदा जिंकण्याच्या हिशेबाने तेच शहाणपणाचे ठरते. येथे कोणी म्हणेल, सोबत्यास उठविण्यातही स्वार्थच आहे, कारण चार बंदुका तिहींपेक्षा बऱ्या. हे खरे आहे. आणि डावाच्या आरंभी जो उचलण्यास धावतो त्याच्या सौजन्याची आम्ही फारशी वाखाणणी करणार नाही. परंतु डाव संपत आला असता, वर्तुळ अगदी लहान झाले असता, ‘भावा, सोड मला, तू पळ’ असे पडलेला गडी स्वतः सांगत असताना जो मागे फिरतो, त्याच्या फिरण्यास हिशेब म्हणता येत नाही. आणि असे फिरणारे असतात. तसेच पेटी उचलून निघून जाणारेही असतात, आणि चौकडीत तो कोण हे बाकीचे तिघे वर्षभर विसरत नाहीत.

आपल्या कबड्डीतही मेलेला गडी जिवंत होतो, हे येथे वाचकांस आठवल्यावाचून राहणार नाही. कबड्डीचे जे जुने प्रकार, संजीवनी, गामिनी आणि अमर, त्यांपैकी संजीवनीची रीत आजच्या नियमांत शिरली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रयोग परदेशी प्रेक्षकांस दाखविले, त्यालाही आता बराच काळ लोटला. या दोन पुनर्जीवनांत मोठा फरक आहे. कबड्डीत आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी आत येतो. म्हणजे सोबत्याचा जीव हे पराक्रमाचे उपफळ आहे, त्यासाठी कोणास वाकावे लागत नाही. शिवाय जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. संघनायकास आपल्या लाडक्या चढाईपटूस रांग मोडून आणता येत नाही. आपल्या नियमकर्त्यांनी येथे पक्षपातास जागाच ठेवली नाही, आणि मनुष्यस्वभाव ओळखून हे केले. उलट ‘बीजीएमआय’मध्ये पडलेल्यापाशी जाऊन गुडघे टेकावे लागतात आणि कोणापाशी टेकावयाचे तेही ठरवावे लागते. न्यायाच्या दृष्टीने कबड्डी श्रेष्ठ. पण गड्याच्या शीलाची परीक्षा या परक्या खेळात अधिक कडक होते, हे मान्य करावे लागेल.

सरकारचे आणि पालकांचे लक्ष मात्र निराळ्याच गोष्टींकडे गेले. खेळात रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला. अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मज्जाव केला आणि ई-स्पोर्ट्सला निराळे स्थान दिले. यांतील शेवटची गोष्ट योग्यच झाली. जुगारास खेळ म्हणणे हा खेळाचा अपमान होता. परंतु रक्त हिरवे केल्याने सोबत्यास टाकून जाणारा मुलगा सुधारत नाही, आणि तीन तासांत तो कसा वागला हे घड्याळ सांगत नाही.

घरोघरी रात्री जो प्रसंग घडतो त्याचे मूळही येथेच आहे. आई हाक मारते, ‘अरे, पानं घेतली आहेत, ऊठ!’ मुलगा पडद्यावरची नजर न काढता म्हणतो, ‘आई, दोनच मिनिटं.’ दोनाची वीस होतात, आमटी निवते, आणि बापाच्या तोंडून मोबाइल खिडकीबाहेर फेकण्याची भाषा निघते. या तंट्यात आईबापांची बाजू सर्वांस ठाऊक आहे. मुलाची बाजू अशी की, हा डाव मध्येच थांबविता येत नाही. तो चांगला अर्धा तास चालतो, आणि तिघे सोबती त्याच्या भरवशावर डोंगरामागे दबा धरून बसलेले असतात. त्याने उठून जावे तर घरी तो गुणी ठरतो आणि मित्रांत पळपुटा ठरतो. एकाच क्षणी दोन शिष्टाचार त्यास दोन दिशांनी ओढतात, आणि आपण त्यांतला एकच शिष्टाचार मानतो. क्रिकेटच्या मैदानावर दहा धावा हव्या असताना फलंदाज मुलास जेवावयास बोलावून नेणारा बाप आम्ही अद्याप पाहिला नाही. चूक मुलाची असतेच. पण ती डाव अर्धवट न सोडण्यात नसून, पाने वाढावयाची वेळ ठाऊक असताना नवा डाव मांडण्यात आहे. ही सूक्ष्म गोष्ट आहे खरी. परंतु बापाने एकदा जरी ‘मध्येच उठलास तर कोणाची पंचाईत होते?’ असे विचारले, तर घरातील अर्धा तंटा तेथेच निवळेल, असा आमचा अनुभव आहे.

या खेळांच्या रचनेकडे केवळ कला म्हणून पाहणाऱ्यास ‘जर्नी’ हा २०१२ सालचा अमेरिकन खेळ टाळून पुढे जाता यावयाचे नाही. वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे जाणारा एक झगाधारी यात्रिक. वाटेत दुसरा एक अनोळखी यात्रिक भेटतो, आणि तो जगाच्या दुसऱ्या टोकास बसलेला खराच मनुष्य असतो. त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. केवळ एक मधुर स्वर काढता येतो. जवळ आले असता दोघांच्याही अंगी उडण्याचे बळ भरते. सोबत्याचे नाव कळते ते खेळ संपल्यावर. या खेळाचा रचनाकार जेनोव्हा चेन याने एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. आरंभीच्या नमुन्यांत गड्यांस एकमेकांस ढकलता येत असे, एवढ्यासाठी की त्यांनी अडथळ्यांवरून एकमेकांस साह्य करावे. पण लोक एकमेकांस खड्ड्यात ढकलू लागले. तेव्हा त्याने ढकलण्याची सोयच काढून टाकली, आणि खेळ प्रेमळ झाला.

‘जर्नी’ सुंदर आहे यात शंका नाही. त्यातील बर्फाळ चढावर दोन थकलेले जीव एकमेकांस बिलगून चालतात तो भाग एखाद्या चांगल्या काव्याइतका परिणाम करतो. तथापि आमचा आक्षेप असा की, ज्याचे हात बांधले आहेत त्याच्या अहिंसेचे कौतुक किती करावयाचे? शिव्या नाहीत, कारण भाषाच नाही. धक्का नाही, कारण शरीरे एकमेकांतून आरपार जातात. एवढीच मोकळीक उरते की सोबत्यास सोडून पुढे निघून जाता येते, आणि त्या एका मोकळिकेमुळेच हा खेळ केवळ देखावा न होता शीलाचा विषय राहतो. चेन याने ती ठेवली यात त्याची खरी कारागिरी आहे.

‘ओव्हरकुक्ड’ या स्वयंपाकघरातल्या खेळाविषयी थोडक्यात बोलणे पुरे. एकाने कांदा चिरावा, दुसऱ्याने शिजवावा, तिसऱ्याने ताटल्या विसळाव्यात, आणि घंटा होण्यापूर्वी मागण्या पुऱ्या कराव्यात. चाकणच्या कोणत्याही जुळणीच्या कामगारास हे घरच्यासारखे वाटेल. कुटुंबाने एकत्र बसून खेळावा इतका तो सोपा आहे. पण त्याचा वेग असा की पाच मिनिटांत सासू-सून, नवरा-बायको, भाऊ-बहीण एकमेकांवर खेकसू लागतात, आणि मग सारे हसतात. करमणूक उत्तम, शिष्टाचारास सवड मात्र त्यात नाही.

सवड ज्यात आहे आणि बंधनही पुरते नाही, असा आमच्या पाहण्यातला सर्वांत चांगला खेळ म्हणजे डेन्मार्कमधील घोस्ट शिप गेम्स या मंडळींचा ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’. तो २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. आमच्या भागात तो ‘बीजीएमआय’इतका खेळला जात नाही, कारण त्यास चांगला संगणक लागतो, तरी कारखान्यांच्या गावाने त्याची ओळख करून घ्यावी असे त्यात पुष्कळ आहे. चार बुटके खाणकामगार एका परग्रहाच्या पोटात खनिजे काढण्यासाठी उतरतात. वर बसलेली कंपनी त्यांच्या जिवाची फारशी पर्वा करीत नाही, हे खेळ विनोदाने पण पुनःपुन्हा सांगत राहतो. चौघांची कसबे निरनिराळी: एकाने उजेड पाडावा, एकाने पायऱ्या बसवाव्यात, एकाने दोर ताणावा, एकाने बोगदा खणावा. अंधाऱ्या विवरात उंचावर सोने दिसते. पायरी बसविणाऱ्याने पायरी बसविली तरच दुसऱ्यास तेथे उभे राहून ते काढता येते. आणि कोणीही काढले तरी ते सर्वांच्या नावे जमा होते. त्यामुळे ‘माझे-तुझे’ हा तंटाच उरत नाही.

पण खेळाचा खरा मर्मज्ञपणा दारूगोळ्याच्या शिधापेटीत आहे. गोळ्या संपल्या की जमविलेल्या खनिजाच्या मोबदल्यात वरून एक पेटी मागविता येते. तिला चार कप्पे असतात, गडीही चार. प्रत्येकाने एक घ्यावा हे उघड आहे. परंतु कोणी दोन घेतले तर पेटी त्याचा हात धरीत नाही. तीस कुलूप घालणे रचनाकारांस अवघड होते असे नव्हे. त्यांनी ते घातले नाही. परिणाम असा की जुने गडी आपला वाटा उचलण्यापूर्वी कोणाच्या गोळ्या किती उरल्या हे पाहतात, ज्याच्याजवळ पुरेशा आहेत तो आपला कप्पा दुसऱ्यास देतो, आणि नवशिक्याने नकळत दोन उचलले तर त्यास समजावून सांगतात. पंगतीत जिलबीचे ताट फिरते तेव्हा वाढपी कोणास अडवीत नाही. तरी शेवटच्या पानापर्यंत जिलबी पोहोचते की नाही यावरून घराण्याची परीक्षा होते, तसाच हा प्रकार आहे.

शेवटाविषयी तेच. काम आटोपले की सुटकेचे यान येते आणि थोड्याच मिनिटांत निघून जाते. एकजण जरी त्यात चढला तरी कंपनीच्या लेखी काम फत्ते. मागे पडलेल्या तिघांसाठी थांबावे असे कोणताही नियम म्हणत नाही. तरीही खेळणाऱ्यांत अशी रूढी पडली आहे की कोणासही मागे टाकून जावयाचे नाही, आणि तिच्यापायी कित्येक हाती आलेले डाव लोक हसत घालवितात. येथे बाण व गोळ्या सोबत्यासही लागतात, धक्काही बसतो. ‘जर्नी’ने जे हात बांधले ते येथे मोकळे आहेत, आणि तरी माणसे बरी वागतात. एका कळीसरशी कुदळ उंचावून आपला बुटका जयघोष करतो. त्याला उत्तर देणे सक्तीचे नाही, त्याने गुण मिळत नाहीत, आणि सहसा उत्तर आल्यावाचून राहत नाही. पाळी बदलताना येणारा जाणाऱ्यास ‘राम राम’ घालतो, त्यात आणि यात आम्हांस फरक दिसत नाही.

दोष काढावयाचाच तर हा की, कंपनीच्या निष्ठुरपणाचा विनोद खेळ शेवटपर्यंत विनोदच ठेवतो. चौघे एकमेकांशी इतके नीट वागतात आणि वरच्यांविरुद्ध चकार शब्द काढीत नाहीत. ही संघभावना मालकांस फारच सोयीची आहे!

आता वाणीकडे वळू. वर ज्यांचे गुण गायिले त्यांतही जेथे बोलण्याची सोय आहे तेथे ती बिघडू शकते, आणि ‘बीजीएमआय’मध्ये तर ती फार बिघडली आहे. चौकडी पुरी नसेल तर खेळ अनोळखी गडी जोडून देतो. त्यांस मुले ‘रँडम’ म्हणतात. ओळखीच्या तिघांत जी मर्यादा असते ती या ‘रँडम’साठी नसते. त्याची भाषा, त्याचा प्रांत, त्याचा नवखेपणा, सर्वांचा उद्धार होतो. आमच्या महाविद्यालयातील कित्येक मुली उत्तम खेळतात, पण माइक बंद ठेवून. आवाजावरून मुलगी आहे हे कळताच पुढे काय ऐकावे लागते ते त्यांनी आम्हांस सांगितले, आणि ते येथे छापण्याजोगे नाही. तक्रार करण्याची व आवाज बंद करण्याची सोय खेळात आहे. पण आपल्या चौकडीतला एखादा असे बोलत असता उरलेले दोघे गप्प बसतात, यावर कोणतीही कळ उपयोगी पडावयाची नाही. पडलेल्या गड्यास उचलण्यासाठी गोळ्या अंगावर घेणारा मुलगा येथे मात्र एक शब्द खर्च करीत नाही, ही विसंगती आम्हांस सर्वांत अधिक खटकते.

थोड्या शब्दांत पुष्कळ सांगण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. खो-खोत तर एका अक्षरावर सारा खेळ चालतो. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्याच्या पाठीमागून यावे, स्पर्श करावा, स्वच्छ ऐकू येईल असा ‘खो’ म्हणावा. आणि तो मिळेपर्यंत बसलेल्याने उठू नये. घाईने आधीच उठला तर चूक. सोबत्याचा शब्द पुरा होऊ द्यावा, ही सभ्यता नियमातच बसविलेली आहे. (भाषेने मात्र ‘खो घालणे’ असा प्रयोग करून या सुंदर क्रियेवर अन्याय केला आहे.) नव्या खेळांत नकाशावर खूण करून ‘इकडे शत्रू आहे’, ‘येथे औषध आहे’ असे न बोलता सांगता येते, ज्या चौकडीत या खुणा नीट वापरल्या जातात तेथे आरडाओरड आपोआप कमी होते. पण अनोळख्यास हाक काय मारावयाची, हा प्रश्न खुणेने सुटत नाही. आमच्या याच पट्ट्यातून दर आषाढीला तुकोबांची पालखी जाते, देहूहून निघून पहिला मुक्काम आकुर्डीस करते. पलीकडे आळंदीहून ज्ञानोबांची निघते. त्या गर्दीत ज्याचे नाव, गाव, जात काहीच ठाऊक नाही त्यास ‘माउली’ म्हणतात, आणि त्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी तेच म्हणतात. जी मुले त्या वाटेवर दोन्ही बाजूंस उभी राहून पाणी वाटतात, तीच रात्री अनोळख्यास ‘रँडम’ म्हणतात. ‘रँडम’ म्हणजे ज्याच्याशी आपले काही देणे-घेणे नाही असा. शब्दच असा निवडला की पुढचे वर्तन सोपे होते.

पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा याच जातीचा खेळ काढला. सिंधू संस्कृतीच्या कल्पित भविष्याचा त्यास वेश आहे. देशी मंडळींनी या उद्योगात शिरावे हे आम्हांस आवडले. परंतु वेशाबरोबर संजीवनीची रांग आणि खोची शिस्त यांचाही कोणी विचार करील तर ते अधिक आवडेल.

तोवर रूढी पाडण्याचे काम खेळणाऱ्यांकडेच आहे, आणि ती कोठे कोठे पडतही आहे. आमच्या परिचयाच्या एका चौकडीत एकाची रात्रपाळी असते. त्याची कंपनीची बस साडेदहास भोसरीच्या चौकात येते. पावणेदहानंतर नवा डाव मांडावयाचा नाही, असे चौघांनी ठरविले आहे. त्या वेळेस जो डाव चालू असेल तोच शेवटचा. त्याच्या सुटीच्या दिवशी उरलेले तिघे हा नियम पाळतात काय, असे आम्ही विचारले. पाळतात म्हणाले, कारण मग सवय मोडते.